पत्ता आधी, पगार नंतर : जर्मनीतल्या पहिल्या पाच महिन्यांचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ती एकटी जर्मनीत आली, सप्टेंबरपासून नोकरीला लागली, आणि जानेवारी २०२५ च्या शेवटी भावोजी आणि सात वर्षांची भाची तिच्याकडे पोचले. मधल्या पाच महिन्यांत जे झालं ते तिच्या परवानगीने लिहितोय. मी स्वतः जर्मनीत आठ वर्षं राहतो. या प्रकरणात दोन ठिकाणी माझा सल्ला चुकला, आणि त्याची किंमत तिने मोजली. ते दोन्ही सांगणार आहे. शहर बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं आहे एवढंच पुरे. कंपनी, घरमालक, बँका आणि कचेऱ्या यांची नावं घेत नाही.

ऑफर आणि तारीख

ताई एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये चौदा वर्षं काम करत होती. ऑफर आली वर्षाला ६२,००० युरोची. २०२४ साली युरोपियन ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या राहण्या-काम करण्याच्या परवान्यासाठी, जर्मनीत किमान पगाराची अट ४५,३०० युरो होती, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही. तिचं विद्यापीठ अनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये मान्यताप्राप्त म्हणून नोंदलेलं होतं. व्हिसा सुरळीत मिळाला. आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, अवघड ते संपलं.

पगाराचं मी तिला आधीच सांगितलं होतं की ६२,००० ला युरोच्या भावाने गुणून बघू नकोस. पेन्शनचे १८.६ टक्के, आरोग्य विम्याचे १४.६ टक्के आणि त्यावरचा जादा हप्ता, बेरोजगारी विमा, काळजी विमा (आजारपणात-म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेसाठीचा), यातलं जवळपास निम्मं कंपनी भरते आणि निम्मं आपल्या पगारातून जातं. वर आयकर. नवरा-बायकोपैकी एकजण भारतात राहत असेल तर इथे करवर्ग (पगारातून कर किती कापायचा हे ठरवणारा गट) पहिला लागतो, म्हणजे अविवाहितासारखाच. त्या हिशेबाने तिच्या हातात महिन्याला साधारण ३,२०० युरो येणार होते. हे तिने कागदावर लिहून भिंतीला लावलं होतं. पुढे त्याचा फार उपयोग झाला, कारण पहिली पगारपावती आली तेव्हा काहीतरी चुकलंय हे तिला तिथल्या तिथे कळलं.

कंपनीने रुजू व्हायला दोन तारखा दिल्या होत्या, १ सप्टेंबर किंवा १ ऑक्टोबर. भाचीची सहामाही परीक्षा बघून निघावं म्हणून ताईचा कल ऑक्टोबरकडे होता. मी म्हटलं, सप्टेंबरच धर, आणि इथे मात्र माझा सल्ला बरोबर ठरला. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला, तर आयकराच्या दृष्टीने तो त्या वर्षापुरता निवासीच राहतो, आणि मग परदेशातला पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. दोन्ही देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे कर दोनदा बसला नसता, पण सवलत मिळवायची कागदपत्रं जमवत बसावं लागलं असतं. ताई २४ ऑगस्टला निघाली, १४६ व्या दिवशी.

माझी पहिली चूक

घर आधी भारतातून शोधू नये, एवढं बरोबर होतं. न बघता भाडं पाठवलेली आणि फसलेली माणसं मी पाहिलेली आहेत. म्हणून मी तिला म्हटलं, "तीन महिन्यांसाठी एखादा फर्निश्ड फ्लॅट घे, आल्यावर निवांत घर शोधू." संकेतस्थळावरून फ्लॅट ठरला, महिना १,३५० युरो, तिन्ही महिन्यांचे पैसे आगाऊ. फोटो मी पाहिले, ऑफिसपासूनचं अंतर मोजलं, स्वयंपाकघर आहे का तेही पाहिलं. करारातली खालची ओळ वाचली नाही. तिथे लिहिलं होतं की या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही.

जर्मनीत राहणाऱ्या कुणाही मराठी माणसाला विचारा, नवीन आलेल्याला पहिला प्रश्न तो हाच विचारतो, "आनमेल्डुंग झालं का?" आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता महापालिकेच्या नागरिक कार्यालयात नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे. नोंदणीसाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो, की ही व्यक्ती अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आली. भाडेकरार दाखवून भागत नाही, तो विशिष्ट कागदच हवा. २०१५ च्या नोव्हेंबरपासून हा नियम देशभर लागू आहे.

आणि या एका नोंदणीच्या मागे बाकी सगळं रांगेत उभं असतं. नोंदणी झाली की केंद्रीय कर कार्यालयाकडून अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. तो क्रमांक नसेल तर कंपनीला करवर्ग कळत नाही. बऱ्याच बँका नोंदणीचा दाखला मागतात. व्हिसाचं रूपांतर ब्लू कार्डात करणारं परदेशी नागरिक कार्यालय कोणतं, हेही पत्त्यावरूनच ठरतं. नवं घर भाड्याने घ्यायचं तर मालक तीन पगारपावत्या आणि पतनोंद मागतो, आणि ती पतनोंद बँक खाते आणि पत्ता असल्याशिवाय तयारच होत नाही. म्हणजे चांगला पत्ता मिळवायला आधी कुठलातरी पत्ता असावा लागतो. मला हे आठ वर्षं माहीत होतं. माझ्या वेळी कंपनीने राहण्याची सोय केली होती, म्हणून त्याची धग मला कधी लागली नव्हती.

"तुझ्या पत्त्यावर लाव ना"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताईचा फोन आला. फ्लॅटवाल्या बाईंनी कागदावर सही करायला साफ नकार दिला होता. मी करार उघडून बघितला आणि ती ओळ दिसली. ताई म्हणाली, "अरे मग तुझ्या पत्त्यावर लाव ना. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी शनिवार-रविवार येतेच तुझ्याकडे."

मी राहतो तिथून तिचं शहर दोनशे किलोमीटर. मी नाही म्हटलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं." त्या एका शब्दात जेवढं दुखणं होतं तेवढं मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी माझा अभ्यास घेणारी, मी आजारी पडलो तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली माझी बहीण परक्या देशात पहिल्यांदा काहीतरी मागत होती, आणि मी कायदा सांगत होतो. तरीही माझं उत्तर आज विचारलं तरी तेच असेल. जिथे माणूस राहत नाही तिथला पत्ता नोंदवायला देणं हा जर्मनीत गुन्ह्यासारखाच गंभीरपणे घेतला जाणारा प्रकार आहे. पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचं सोडा. ताईचं ब्लू कार्ड व्हायचं होतं, त्याच्या मागून नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा यायचा होता. त्या सगळ्या फाइलींच्या तळाशी खोटा पत्ता ठेवायला माझी हिंमत नव्हती. "दोन महिन्यांसाठी कोण बघतंय" असं म्हणून हे करणारे लोक आहेत, आणि त्यातले काही अडचणीत आलेलेही आहेत.

दुसरी चूक इथेच झाली. सही द्यायला नकार देता येत नाही, घर देणाऱ्याला कायद्याने ती द्यावीच लागते आणि न दिल्यास त्यालाही दंड आहे, हे मला माहीत होतं. पण तो नकार देत असेल तर भाडेकरूने तसं नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवायचं असतं, ही तरतूद त्याच कायद्यात आहे आणि ती मला माहीत नव्हती. कळवलं असतं तर निदान ताईची बाजू नोंदली गेली असती आणि कार्यालयाने मालकिणीकडे विचारणा केली असती. आम्ही मात्र बाईंना विनवण्यांचे मेल पाठवत तीन आठवडे घालवले.

बँकेचं त्यामानाने लवकर सुटलं. दोन बँकांनी नोंदणीचा दाखला नाही म्हणून परत पाठवलं. ताईच्याच टीममधल्या एकाने मूलभूत खात्याबद्दल सांगितलं. २०१६ च्या जूनपासून युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कोणालाही, कायमचा पत्ता नसला तरी, असं खातं मागण्याचा हक्क आहे आणि बँकेला तो सहसा नाकारता येत नाही. त्याचा छापील अर्ज असतो. ताईने तो भरून तिसऱ्या बँकेत नेला आणि २४ सप्टेंबरला खातं उघडलं. मागताना अर्जाचं नाव घेऊन मागावं लागतं. नुसतं "खातं उघडायचंय" म्हटलं की परत तोच दाखला मागतात.

सप्टेंबरचा पगार त्या खात्यात आला तो २,७०० च्या आसपास. भिंतीवरच्या कागदावर होते ३,२००. कर क्रमांक नसल्यामुळे पगार विभागाने तिला सहाव्या करवर्गात टाकलं होतं, सगळ्यांत जास्त कपातीच्या. कर्मचाऱ्याची चूक नसताना क्रमांक यायला उशीर होत असेल, तर कंपनीला तीन महिन्यांपर्यंत अपेक्षित करवर्ग धरून पगार काढता येतो. पगाराचं काम बाहेरच्या एजन्सीकडे होतं, तिथे कोणी एवढा विचार केला नाही, आणि मागावं हे आम्हालाही उशिरा सुचलं.

पोस्टपेटीवरची पट्टी

एका सहकाऱ्याच्या ओळखीने १ ऑक्टोबरपासून एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात खोली मिळाली, ४८० युरो. फ्लॅटचे पैसे आधीच भरलेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास बुडाले. शिक्षिकाबाईंनी पहिल्याच संध्याकाळी तो कागद न मागता सही करून टेबलावर ठेवला होता. ताई मला फोनवर तो कागद वाचून दाखवताना रडली.

११ ऑक्टोबरला नोंदणी झाली. दहा मिनिटांचं काम. तिथे धर्म कोणता असंही विचारतात. ताई गोंधळली. तो प्रश्न चर्च कराचा असतो. कर वसूल करणाऱ्या धर्मसंस्थांचे सदस्य असाल तर बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के आणखी कापले जातात. सदस्य नसाल तर रकाना रिकामा ठेवायचा.

आता दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांक यायला हवा होता. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर अर्धा झाला, पत्र नाही. एका रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. खाली दारात पोस्टपेट्यांची रांग होती आणि शिक्षिकाबाईंच्या पेटीवर पितळी पट्टीवर फक्त त्यांचंच नाव. मी विचारलं, "ताई, तुझं नाव कुठंय?" ती म्हणाली, "घर क्रमांक दिलाय की." जर्मनीत घरक्रमांक इमारतीपर्यंतच नेतो. फ्लॅटला बहुधा वेगळा क्रमांक नसतोच. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. तिचं पत्र परत गेलं होतं.

आम्ही तिथेच उभं राहून कागदाची पट्टी कापली, पासपोर्टवर आहे तसंच आडनाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पारदर्शक टेपने पितळी पट्टीखाली चिकटवलं. पाऊस लागू नये म्हणून ताईने टेपचे आणखी दोन थर दिले. मग क्रमांक पुन्हा मागवण्याचा अर्ज केला. तो क्रमांक फोनवर किंवा मेलवर सांगत नाहीत, नोंदलेल्या पत्त्यावर पत्रानेच पाठवतात. ४ डिसेंबरला ते पत्र आलं. डिसेंबरच्या पगारात आधीच्या तीन महिन्यांचा फरक जमा झाला, सोळाशे युरोंच्या आसपास.

पैसे परत आले, पण तोवर त्या तीन पावत्यांनी वेगळंच नुकसान केलं होतं. घरं बघायला गेल्यावर मालक पावतीवरचा हातात येणारा आकडा बघत होते. ६२,००० पगाराच्या बाईच्या पावतीवर २,७०० दिसत होते, आणि तिघांच्या कुटुंबाला १,३०० भाड्याचं घर द्यायला ते कचरत होते. करवर्गाची भानगड समजावून सांगण्याइतकी ताईची जर्मन तेव्हा नव्हती. डिसेंबरची दुरुस्त पावती हातात आल्यावर दोन आठवड्यांत घर मिळालं.

भावोजींचा राजीनामा

या सगळ्याच्या मधोमध घरातला खरा मोठा प्रश्न चालू होता. ताईचा परिवीक्षाकाळ सहा महिन्यांचा, २८ फेब्रुवारीपर्यंत. त्या काळात जर्मनीत कोणत्याही बाजूने दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवता येते. भावोजींना त्यांच्या कंपनीत नव्वद दिवसांची नोटीस होती. माझं मत होतं, फेब्रुवारी संपू दे, मग राजीनामा. म्हणजे मे उजाडला असता.

ऑक्टोबरात भाचीने व्हिडिओ कॉलवर यायचंच सोडलं. बोलवलं की दुसऱ्या खोलीत जायची. भावोजींनी मला फोन केला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगता ते हिशेबाने बरोबर आहे. पण मे महिन्यात मी हिला कोणत्या तोंडाने आईकडे नेऊ?"

मग आम्ही हिशेबही पुन्हा मांडला, आणि तो मला वाटत होता तसा नव्हता. कुटुंब आलं की दोघं मिळून तिसरा-पाचवा करवर्ग निवडू शकतात (एकाला कमी कपातीचा तिसरा, दुसऱ्याला जास्त कपातीचा पाचवा), त्यात ताईच्या हातात महिन्याला चारशेच्या आसपास जास्त येतात. भावोजींना नोकरी लागेपर्यंत दोघांचा आरोग्य विमा ताईच्या सरकारी विम्यातच वेगळा हप्ता न भरता बसतो. २०२५ साली मुलामागे महिना २५५ युरो बालभत्ता होता. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. म्हणजे दोन घरं चालवणंच महाग होतं. धोका एकच, परिवीक्षेत ताईची नोकरी जाणं. तसं झालं तरी दुसऱ्या दिवशी देश सोडावा लागत नाही. ब्लू कार्डाच्या २०२१ च्या युरोपीय निर्देशात निदान तीन महिन्यांची बेरोजगारी गृहीत धरलेली आहे.

ताईने जे केलं ते मी केलं नसतं, पण तेच योग्य होतं. ती तिच्या वरिष्ठांकडे गेली आणि सरळ विचारलं, "माझ्या कामाबद्दल तुम्हाला शंका असेल तर आत्ता सांगा, कारण माझा नवरा या आठवड्यात राजीनामा देणार आहे." आपल्याकडे असं विचारायला जीभ रेटत नाही. त्यांनी अर्धा तास दिला. दोन गोष्टी सुधारायला सांगितल्या, त्यातली एक म्हणजे मीटिंगमध्ये पटत नसलं तर गप्प न बसणं, आणि बाकी काळजी नाही असं मेलवर लिहून दिलं. कायद्याने त्या मेलला किंमत नाही. ताईला त्या रात्री झोप लागली, एवढी किंमत मात्र होती. २१ ऑक्टोबरला भावोजींनी राजीनामा दिला.

मी तेव्हा विरोधात होतो. आज वाटतं, मी फक्त नोकरी जाण्याचा धोका मोजत होतो. लेक दुरावण्याचा धोका मी हिशेबात धरलाच नव्हता.

भारतातलं एक काम मागे राहिलं होतं. नोकरीसाठी देश सोडल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. ताईला हे डिसेंबरात आठवलं. निघण्याआधी स्वतः शाखेत जाऊन झालं असतं ते काम पत्रव्यवहारात दोन महिने चाललं. भविष्य निर्वाह निधीला मात्र तिने हात लावला नाही. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, आणि जर्मन पेन्शनसाठी लागणारी पाच वर्षं मोजताना दोन्हीकडचा काळ जोडला जातो.

नवं घर १५ जानेवारीपासून मिळालं. भाडं १,०८०, पाणी-हीटिंग धरून १,३४०. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, ३,२४०, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूचा हक्क आहे. तो ताईने यावेळी मागून घेतला. स्वयंपाकघरात नुसत्या भिंती आणि भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ. ओटा आणि चूल येईपर्यंत तीन आठवडे त्यांनी एका विजेच्या शेगडीवर काढले.

२६ जानेवारीला दोघं आले. विमानतळावर भाची आधी ताईजवळ गेलीच नाही, भावोजींच्या मागे उभी राहिली. मग गाडीत बसल्यावर तिने हळूच आईचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. फेब्रुवारीत ती शाळेच्या पूर्वतयारी वर्गात जाऊ लागली, जिथे जर्मन न येणाऱ्या मुलांना आधी भाषा शिकवतात.

सामान उघडण्याआधी ताईने खाली जाऊन पोस्टपेटीवर पट्टी लावली होती, तिघांच्या नावांची. भाचीचं नाव भाचीने स्वतः लिहिलं, शेवटचं अक्षर पट्टीबाहेर गेलं. साधारण तीन आठवड्यांनी त्या पेटीत तिच्या नावाचं पत्र आलं. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, कर क्रमांक मिळतो. भाचीने ते पाकीट कोणाला उघडू दिलं नाही. रात्री मला फोन करून तिने अकराही आकडे एकेक करून जर्मनमध्ये वाचून दाखवले, आणि सातवर अडकली तेव्हा मागून ताईचा आवाज आला, "झीबन."